संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरांची घरे

शासकीय कामकाजात संगणकाचा वापर सार्वत्रिक झाला असून गावपातळीपर्यंतच्या नोंदी आज मराठीत ठेवल्या जातात. ब्राउझरमध्ये पाहिलेल्या उताऱ्यात मराठी अक्षरे बहुधा नीट दिसतात. परंतु ज्या संगणकांवर या नोंदी साठविल्या जातात, तेथील बरेचसे तांत्रिक काम निव्वळ मजकूर दाखविणाऱ्या साध्या खिडकीत, म्हणजेच टर्मिनलमध्ये चालते. या खिडकीत मराठी नाव मोडते कसे आणि ते टाळता कसे येते, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांनी समजून घेणे उपयुक्त आहे. नाव चुकले की नागरिकाची नोंदच संशयास्पद ठरते.

घरांचा तक्ता

टर्मिनलचा पडदा चौकटीच्या वहीसारखा असतो. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या प्रसिद्ध टर्मिनलवर ८० स्तंभ व २४ ओळी असत. आजही टर्मिनलची खिडकी बहुधा याच मापाने उघडते. एका घरात एक अक्षर, ही रोमन लिपीसाठी केलेली व्यवस्था होय.

या पडद्यावर लेखन करणे सुलभ व्हावे म्हणून १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी 'कर्सेस' नावाची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संग्रह, निर्माण केली. तिची सुधारित आवृत्ती 'एनकर्सेस' आज सर्वत्र प्रचलित आहे. ही लायब्ररी पडद्याची एक प्रत संगणकाच्या स्मृतीत ठेवते. प्रोग्रॅम प्रथम त्या प्रतीवर लिहितो. नंतर लायब्ररी जुनी व नवी प्रत ताडून पाहते आणि जेवढा बदल झाला असेल तेवढाच टर्मिनलकडे पाठविते. एखादा शब्द किती घरे व्यापतो, याविषयी लायब्ररी व टर्मिनल यांचे एकमत असेल तरच ही पद्धत यशस्वी होते. एकमत नसेल तर पुढील अक्षरे भलत्या जागी पडतात आणि जुन्या अक्षरांचे तुकडे पडद्यावर शिल्लक राहतात.

अक्षर एक, संकेत अनेक

मराठीत काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार यांसह उच्चारले जाणारे ते एक अक्षर. संगणक मात्र युनिकोडनुसार प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र संकेत देतो आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट जागा लागते.

परभणी जिल्ह्यातील तालुक्यांची नावे या दृष्टीने बोलकी आहेत. 'परभणी' या नावात चार अक्षरे, पाच संकेत व १५ बाइट आहेत. 'पूर्णा' या नावात अक्षरे दोनच, परंतु संकेत सहा व बाइट १८ आहेत. 'सेलू' या नावात दोन अक्षरे व चार संकेत आहेत. मात्रा व उकार अक्षराच्या वर-खाली बसत असल्याने या नावाला घरे दोनच लागतात. काना व वेलांटी यांना मात्र बहुतेक प्रणाली एकेक घर देतात, म्हणून 'परभणी' पाच घरे घेते.

समजा, तालुक्याच्या नावासाठी दहा घरांचा स्तंभ राखला आणि प्रोग्रॅमने संकेत मोजून उरलेली जागा रिकामी सोडली. 'परभणी' पुढे पाच रिकामी घरे येऊन स्तंभ बरोबर भरेल. 'सेलू' पुढे सहाच येतील आणि स्तंभ आठ घरांतच संपेल. परिणामी, सेलूच्या ओळीतील आकडे दोन घरे डावीकडे सरकतील. वाचणाऱ्याला मात्र आकडा कोणत्या रकान्यातला, असा संभ्रम पडेल.

याहून गंभीर दोष नाव तुटण्याचा आहे. 'गंगाखेड' या नावाला २१ बाइट लागतात. नोंदीचा रकाना २० बाइटचा असेल, तर शेवटच्या 'ड' चा एक तृतीयांश भाग कापला जाऊन तेथे निरर्थक खूण उमटेल. हेच नाव रोमन लिपीत लिहिल्यास नऊ बाइटमध्ये मावते. म्हणूनच इंग्रजी नावांनी केलेल्या चाचणीत हा दोष उघडकीस येत नाही.

'जिंतूर' या नावात आणखी एक अडचण आहे. लेखनात वेलांटी 'ज' च्या आधी येते, साठवणुकीत मात्र ती 'ज' च्या नंतर असते. अक्षरजुळणीची सोय नसलेल्या टर्मिनलवर ती 'त' च्या बाजूला जाऊन बसते.

पुण्यातील कार्य

या प्रश्नाकडे आपल्या देशात फार पूर्वीच लक्ष देण्यात आले. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान, १९८८ साली पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, पुढे नेले. संगणकात बसविण्याच्या जिस्ट कार्डामुळे मूळ इंग्रजीसाठी लिहिलेले मजकुराचे प्रोग्रॅमही भारतीय लिपी दाखवू लागले. अक्षरे जुळविण्याचे काम प्रोग्रॅमऐवजी कार्ड करीत असे. याच काळात 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली सिद्ध झाली व १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती मानक म्हणून प्रसिद्ध केली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली आहे.

कोणती दक्षता घ्यावी

नवा प्रोग्रॅम स्वीकारताना पुढील गोष्टी तपासून घेणे इष्ट ठरेल. रकान्याची लांबी बाइटमध्ये न मोजता मराठी नाव पूर्ण मावेल अशी ठेवावी. नाव कापणे अपरिहार्य असल्यास ते पूर्ण अक्षरावरच कापावे. तक्त्यातील रिकामी जागा घरांच्या मापाने सोडावी. एनकर्सेस वापरताना तिची बहुभाषी आवृत्ती घ्यावी व प्रोग्रॅमच्या प्रारंभीच भाषेची निवड, म्हणजे लोकेल, निश्चित करावी. अक्षरजुळणी न करणाऱ्या टर्मिनलवरील मजकूर नागरिकांना देण्याच्या प्रतीसाठी वापरू नये.

शाळांतील संगणकवर्गातही हा प्रयोग सहज करता येण्यासारखा आहे. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा व परभणी ही नऊ नावे एका खाली एक छापावीत व त्यांपुढे आकड्यांचा स्तंभ मांडावा. स्तंभ सरळ राहिला आणि प्रत्येक नाव शुद्ध उमटले, तर तो प्रोग्रॅम मराठीच्या एका महत्त्वाच्या कसोटीस उतरला असे समजण्यास हरकत नाही.