पाण्याच्या जोरावर उघडणारी झडप

वॉशिंग मशीनचे दिवे लागतात, दार बंद झाल्याचा खटका ऐकू येतो, पण ड्रममध्ये पाणी येत नाही आणि काही मिनिटांनी एलजीच्या मशीनवर ‘आयई’ किंवा सॅमसंगच्या मशीनवर ‘४सी’ अशी खूण झळकते. ठरलेल्या वेळात पाणी अपेक्षित पातळीला पोहोचले नाही, एवढाच या खुणेचा अर्थ असतो. ते का पोहोचले नाही, हे मशीनला सांगता येत नाही. अशा वेळी मशीन बिघडले असे सर्रास गृहीत धरले जाते, परंतु दोष पुष्कळदा मशीनच्या बाहेर, गच्चीवरच्या टाकीच्या उंचीत असतो, आणि त्याचे कारण पाणी आत घेणाऱ्या झडपेच्या रचनेत सापडते.

मशीनच्या पाठीमागे नळाची नळी जिथे जोडतात, तिथे ही झडप, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, बसवलेली असते. ती विजेवर चालते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. तिचे तोंड रबराच्या लवचीक पडद्याने बंद असते. या पडद्याचा व्यास २ सेंटिमीटर धरला, तर १ बार दाबाला, म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्यामुळे पडणाऱ्या दाबाला, त्यावर ३ किलोग्रॅम वजनाइतका भार येतो, आणि तो थेट उचलायचा तर तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, बरीच मोठी व महाग करावी लागेल. म्हणून पडद्याच्या कडेला एक बारीक छिद्र ठेवतात, ज्यातून नळाचे पाणी वरच्या कप्प्यात शिरते. वरून दाब संपूर्ण पडद्यावर आणि खालून केवळ कडेच्या भागावर पडत असल्याने पडदा घट्ट बसून राहतो. मधोमध दुसरे, काहीसे मोठे छिद्र असते आणि ते स्प्रिंगने दाबलेल्या लोखंडी दट्ट्याने बंद असते. कॉइलमध्ये वीज आली की तिचे चुंबकत्व फक्त हा दट्ट्या उचलते. छिद्र २ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर त्यावरचा पाण्याचा भार पडद्यावरच्या भाराचा शंभरावा हिस्सा, म्हणजे ३२ ग्रॅमच्या आसपास भरतो. मग वरच्या कप्प्यातले पाणी जेवढ्या वेगाने आत येते त्याहून जास्त वेगाने निसटते, वरचा दाब घसरतो आणि नळातले पाणी स्वतःच पडदा उचलून वाट मोकळी करते.

याचा अर्थ असा, की नळात पुरेसा दाब नसेल तर कॉइल आपले काम चोख करूनही झडप नीट उघडत नाही. अनेक मशीनना किमान ०.२ ते ०.३ बार, म्हणजे दोन-तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागतो. वरच्या मजल्यावरील घरात झडप जमिनीपासून मीटरभर उंच, छत ३ मीटरवर आणि टाकी त्यावर मीटरभराच्या ओट्यावर असेल, तर हा दाब जेमतेम मिळतो. लांब, वळणावळणाच्या पाइपात घर्षणाने त्यातलाही काही भाग खर्च होतो. त्याच सोसायटीत तळमजल्यावर तेच मॉडेल बिनतक्रार भरत असते. अशा घरात नवा व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे निव्वळ भुर्दंड. तिथे उपाय दाब वाढवणाऱ्या पंपाचा किंवा कमी दाबावर चालणाऱ्या झडपेचा. पडदा दाबून धरण्याचे कामही पाण्याचा दाबच करतो, त्यामुळे दाब फार कमी असला तर बंद मशीनमध्ये थेंब थेंब पाणी गळत राहण्याची उलटी तक्रारही उद्भवू शकते.

दोष पाण्याच्या बाजूचा की विजेच्या, हे कानाने बऱ्याच अंशी ठरवता येते. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने प्रत्यावर्ती प्रवाहावरच्या कॉइलचे आकर्षण सेकंदाला शंभर वेळा शिखर गाठते आणि झडपेतून बारीक घुंघुं आवाज येतो. आवाज आहे पण पाणी नाही, तर कॉक अर्धवट उघडा असणे, नळी मुडपणे, पाइपात हवा अडकणे किंवा झडपेच्या तोंडाशी असलेली प्लॅस्टिकची जाळी तुंबणे या शक्यता आधी पाहाव्यात. टाकी धुतल्यानंतर सुटलेला गाळ आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार या जाळीत हमखास साचतात. प्लग काढून व कॉक बंद करून ती पकडीने हलकेच ओढून काढता येते आणि जुन्या टूथब्रशने साफ होते. ती फेकून देऊन मशीन चालवण्याची युक्ती मात्र महागात पडते, कारण पुढचा कण पडद्याच्या बारीक छिद्रात अडकला तर पाणी थांबतच नाही.

आवाजच नसेल, तर दाराचे कुलूप, कॉइल, नियंत्रक फळी किंवा प्रेशर स्विच यांच्याकडे वळावे लागते. प्रेशर स्विचला जोडलेल्या बारीक नळीत कोंडलेली हवा टबातील पाण्यामुळे दाबली जाते आणि त्या दाबावरून पातळी मोजली जाते. साबणाच्या चिकट्याने ती नळी बुजून जुना दाब आतच अडकला, तर रिकामा टब मशीनला भरलेला वाटतो. हे काम तंत्रज्ञाचे. त्याला बोलावण्यापूर्वी सांडपाण्याची नळी तेवढी पाहून घ्यावी, कारण तिचे टोक जमिनीलगत सोडलेले असेल तर काही मशीनमध्ये आलेले पाणी त्याच वाटेने वाहून जाते आणि पातळी कधीच गाठली जात नाही; ती नळी माहितीपुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवली की ही तक्रार मिटते.