जुनी एसयूव्ही दम का टाकते?

अमेरिकेत आल्यावर घेतलेली आपली पहिली गाडी बऱ्याचदा सेकंडहँड असते. रॅम्पवरून हायवेला लागताना पेडल पूर्ण दाबलं तरी ती रेंगाळते, आणि मागून ट्रक येत असतो. अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. आधी गाडीलाच विचारा.

आरपीएमचा काटा चढतो पण वेग वाढत नाही? मग संशय गिअरबॉक्सवर. नाहीतर इंजिन तपासा.

१९९६ च्या मॉडेलपासून इथल्या गाड्यांत डॅशबोर्डखाली ओबीडी-२ सॉकेट असतं. त्यात साधा स्कॅनर लावा आणि 'फ्युएल ट्रिम' पाहा. १ किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखायला संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, तोच हा आकडा.

गाडी उभी असताना तो +१५ आहे आणि रेस केल्यावर उतरतो? कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. फाटलेली व्हॅक्यूम नळी शोधा. चढावर वाढतो? (आकडा शेजारच्याला वाचायला सांगा.) मग हवा मोजणारा सेन्सर मळलाय किंवा फ्युएल पंप थकलाय. आकडा ठीक, तरी दम नाही? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल. धूर बाहेर पडेना, तर ताजी हवा आत येणार कशी?

'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकला, तर मात्र गाडी बाजूला घ्या. ते मिसफायर असतं. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला वितळवू शकतं. स्पार्क प्लग तसाच ठेवून महागडा नवा कन्व्हर्टर बसवलात, तर तोही जाईल. म्हणून आधी कारण शोधा, पाना नंतर उचला.