अर्नाळा आणि वसई-विरार : लोकसंख्येचे आकडे व वस्तीचा इतिहास

वसई तालुक्यातील वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरांची एकत्रित लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ७० हजार होती. २०११ च्या जनगणनेत याच ठिकाणी 'वसई-विरार शहर' या एकाच नावाखाली १२ लाख २२ हजार ३९० इतका आकडा आढळतो. केवळ हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर दहा वर्षांत नगर अडीच पटींहून अधिक वाढले असा निष्कर्ष निघेल. वाढ झाली हे निर्विवाद आहे. परंतु ती एवढी झाली काय, आणि जी झाली ती कोणाची, हे कोष्टकाच्या या दोन रकाने वाचून कळत नाही. त्यासाठी सीमा, व्यवसाय आणि वास्तव्य या तीन संज्ञांची व्याख्या तपासावी लागते. या तपासणीस अर्नाळ्याइतके सोयीचे स्थान तालुक्यात दुसरे नाही. कारण अर्नाळा या नगराच्या अगदी कडेला आहे, त्याच्या व्यवहारात सामील आहे, आणि तरीही त्याच्या आकड्यात नाही.

सीमांचा प्रश्न

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. तीत उपरोक्त चार नगरपरिषदांबरोबर ५३ ग्रामपंचायतींचे क्षेत्र समाविष्ट करण्यात आले. म्हणजे २००१ चा आकडा चार नगरांचा आहे, तर २०११ चा आकडा चार नगरे व ५३ ग्रामपंचायती यांचा आहे. दोहोंची तुलना एकाच क्षेत्राची तुलना नव्हे.

या ठिकाणी तालुक्याचा आकडा उपयोगी पडतो, कारण तालुक्याची सीमा त्या दशकात बदललेली नाही. वसई तालुक्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ७ लाख ९६ हजार व २०११ मध्ये सुमारे १३ लाख ४३ हजार होती. ही वाढ सुमारे ६९ टक्के होते. आता २००१ मध्ये चार नगरांच्या बाहेर तालुक्यात सुमारे ३ लाख २६ हजार लोक राहत होते. २०११ मध्ये महानगरपालिकेच्या बाहेर केवळ १ लाख २१ हजारांच्या आसपास उरले. बाहेर राहिलेल्या गावांची लोकसंख्या दशकात घटली नाही एवढे गृहीत धरले, तर २००१ मधील किमान दोन लाख पाच हजार लोक पुढे नगरात समाविष्ट झालेल्या गावांत आधीपासूनच राहत होते असे ठरते. त्यांची भर घातल्यास २००१ चा तुलनायोग्य आकडा पावणेसात लाखांहून कमी येत नाही, आणि वाढीचे प्रमाण फार तर ८१ टक्क्यांपर्यंत येते. उरलेली वाढ माणसांची नसून सीमारेषेची आहे. हे लोक कोठून आले नाहीत. नगर त्यांच्यापर्यंत आले.

ही गोष्ट ग्रामस्थांस कोष्टकांपूर्वीच जाणवली होती. गावे महानगरपालिकेत घेण्यास पश्चिम पट्ट्यातून तीव्र विरोध झाला, २०११ मध्ये काही गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला, आणि त्यावरील वाद उच्च न्यायालयात जाऊन दशकाहून अधिक काळ चालला. अर्नाळा व अर्नाळा किल्ला ही दोन गावे मात्र स्वतंत्र ग्रामपंचायतींखालीच राहिली. आगाशीवरून विरार स्थानकाकडे जाणारा रस्ता सुमारे दहा किलोमीटरांचा. त्या रस्त्याने रोज मासळी, विद्यार्थी व चाकरमाने नगरात जातात व सायंकाळी परततात. जनगणनेच्या दृष्टीने ते ग्रामस्थ आहेत.

किनाऱ्यावरील जुने थर

या प्रदेशातील वस्ती एकाच काळी झालेली नाही, हे ध्यानात घेतल्याशिवाय विरोधाचे कारण उमगत नाही. सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रख्यात बंदर होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तेथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा तेथे मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे सापडला. वैतरणा व उल्हास या दोन नद्यांच्या मुखांमधील ही भूमी व्यापारी मार्गावर होती, व तिच्यावर ताबा ठेवणे प्रत्येक सत्तेस आवश्यक वाटले.

वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळा बेटावर गुजरातच्या सुलतानीच्या काळात, १५१६ मध्ये, तटबंदी झाली. १५३४ च्या डिसेंबरात सुलतान बहादूरशहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. बेटही त्यांच्याकडे गेले. पुढील दोन शतकांत फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मसंघांनी या पट्ट्यात ख्रिस्ती धर्माचा प्रसार केला. १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळा घेतला आणि बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेने तेथे नवा जलदुर्ग उभारला. त्याची साक्ष देणारा शिलालेख दरवाजावर आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई पडली. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीजांस निघून जाण्याची मुभा मिळाली. लोकसंख्येच्या दृष्टीने येथे महत्त्वाची गोष्ट अशी की सत्ताधारी वर्ग गेला, परंतु शेती व मासेमारी करणारा स्थानिक ख्रिस्ती समाज जागेवरच राहिला. १७८१ मध्ये अर्नाळा इंग्रजांनी घेतला, सालबाईच्या तहानंतर तो परत मिळाला, आणि पेशवाईच्या अखेरीस कायमचा इंग्रजांकडे गेला.

सत्ता अशा रीतीने पाच वेळा पालटली, तरी बागायत व मासेमारी ही वस्तीची दोन अंगे टिकून राहिली. सामवेदी व वाडवळ समाजांनी, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही, विहिरीवरील रहाटाच्या पाण्यावर केळी, विड्याची पाने व फुले पिकविली. आगाशीची सुकेळी दूरवर जात. कोळी, मांगेला व वैती या समाजांनी समुद्र सांभाळला. डोल जाळ्यांत मिळणारा बोंबील व जवळा वाळवून साठविणे हा अर्नाळ्याचा जुना उद्योग आहे. १९०१ मध्ये वसई हे तालुक्याचे मुख्य नगर असूनही त्याची लोकसंख्या केवळ १० हजार ७०० च्या सुमारास होती. म्हणजे तोवर या भागाचे बळ नगरात नसून गावांत होते.

लोहमार्गाचा थर

दुसरा थर लोहमार्गाने आणला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, आणि १९३६ मध्ये विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या. तथापि मार्ग आला म्हणून वस्ती लगेच आली असे झाले नाही. मुंबईतील घरांच्या किमती श्रमिक व मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेल्या, तेव्हाच वसईच्या खाडीपलीकडील जमीन निवासासाठी मोलाची ठरली. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. त्याच सुमारास बेसुमार बांधकाम व विहिरींतून टँकरने पाणी नेणे यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने चळवळ उभारली. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे दिब्रिटो हे अर्नाळ्याजवळील नंदाखालचे होते.

लोहमार्गाचा ठसा २०११ च्या आकड्यांत स्पष्ट उमटला आहे. वसई-विरार शहरात दर हजार पुरुषांमागे सुमारे ८८६ स्त्रिया होत्या. कामासाठी एकटा येणारा पुरुष हे अशा प्रमाणामागील एक नित्याचे कारण असते. तथापि लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंची दाट वस्ती व किनाऱ्यालगतची जुनी गावे यांची सरासरी एकत्र काढली, की जे प्रमाण हाती येते ते दोहोंपैकी एकाचेही यथार्थ वर्णन करीत नाही.

नागर कोण?

भारतीय जनगणनेत वैधानिक नगरांखेरीज इतर स्थळे नागर ठरविण्यास तीन कसोट्या लावल्या जातात : लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० व्यक्तींची घनता, आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीतर व्यवसायांत असणे. पहिल्या दोन कसोट्या सरळ आहेत. तिसरीत मात्र मासेमारी शेतीच्या बाजूस धरावी की शेतीतर, हा प्रश्न उद्भवतो. आणि त्याचे उत्तर स्थिर राहिलेले नाही. १९६१ व १९७१ मध्ये मासेमारी शेतीतर व्यवसायांत गणली गेली. १९८१ व १९९१ मध्ये तीच, पशुपालन व फळबागांसह, शेतीच्या बाजूस टाकण्यात आली. २००१ पासूनच्या चौवर्गी कोष्टकांत मच्छीमार 'इतर कामकरी' या वर्गात कारकून व कारखान्यातील कामगार यांच्याशेजारी बसतो.

याचा अर्थ असा की एखाद्या मच्छीमार गावातील एकाही माणसाने आपला धंदा बदलला नाही, तरी केवळ वर्गीकरण पालटल्याने ते गाव ग्रामीणचे नागर अथवा नागरचे ग्रामीण होऊ शकते. शिवाय ही कसोटी केवळ पुरुषांस लावली जाते. अर्नाळ्यासारख्या गावात होडी पुरुषांची असली तरी मासळीची निवड, वाळवण व विक्री हा व्यवहार मुख्यतः स्त्रियांच्या हाती असतो. विरारच्या बाजारात बसणारी कोळीण शब्दशः नगरातील व्यापारी आहे. गाव नागर आहे काय हे ठरविताना मात्र तिचा विचार होत नाही.

वास्तव्य आणि भाषा

माणसास कोठे मोजावे, या प्रश्नाचेही उत्तर व्याख्येवरच अवलंबून असते. अमेरिकेत १९४० पर्यंत महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या आईवडिलांच्या घरी मोजला जाई. १९५० पासून तो विद्यापीठाच्या गावी मोजला जाऊ लागला. परिणामी विद्यापीठावर जगणाऱ्या मध्यम आकाराच्या नगरांचे आकडे वाढले, व त्यांची वयोरचना अकस्मात तरुण दिसू लागली. विद्यार्थी पूर्वीही तेथेच होते. बदलला तो नियम. वसई-विरारमधील परिस्थिती याच्या उलट आहे. येथील चाकरमाना रात्री नगरात असतो म्हणून येथे मोजला जातो, परंतु त्याचा दिवस मुंबईत जातो. पाणी, रस्ते व शाळा यांचा भार एका पालिकेवर आणि त्याच्या श्रमाचे फळ दुसऱ्या पालिकेच्या हद्दीत, अशी विभागणी होते. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. तो मासेमारीचा ऐन हंगाम; पावसाळी बंदी १ जूनपासून सुरू होते. बाहेरगावचे खलाशी हंगामात किनाऱ्यावर व बंदीच्या काळात आपल्या गावी असतील, तर गणनेचा महिना कोणता यावर बंदराचा आकडा कमीअधिक होईल.

भाषेच्या रकान्यातही हीच सावधगिरी हवी. सामवेदी समाजाची कादोडी बोली प्रमाण मराठीहून बरीच भिन्न आहे. ती बोलणाऱ्या कुटुंबाने आपली मातृभाषा मराठी अशी सांगितली, की कोष्टकात कादोडीचा मागमूस राहत नाही. आणि शेजारच्या इमारतीत कालपरवा आलेले मराठी कुटुंब व चारशे वर्षांचा ख्रिस्ती बागायतदार एकाच संख्येत विलीन होतात.

पुढील गणना

२०२१ ची जनगणना नियोजित वर्षी झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा पुढील गणनेचा संदर्भदिन ठरविण्यात आला. दरम्यान १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला आहे. तेव्हा जिल्ह्याच्या पातळीवरील जुने व नवे आकडेही सरळ ताडून पाहता येणार नाहीत.

या परिस्थितीत अभ्यासकास एक मार्ग खुला आहे. महानगरपालिकेचा एकत्रित आकडा बाजूस ठेवून, २००१ च्या गावयादीप्रमाणे प्रत्येक गावाचे व प्रभागाचे क्षेत्र निश्चित करावे, आणि त्याच स्थिर क्षेत्रांवर २००१, २०११ व पुढील गणनेचे आकडे बसवावेत. किनारपट्टीची गावे, लोहमार्गालगतची वस्ती व पूर्वेकडील डोंगरपायथ्याचा भाग अशी तीन विभागांची स्वतंत्र कोष्टके तयार झाली, म्हणजे वाढ कोठे माणसांची आहे आणि कोठे नकाशाची आहे हे वेगळे होईल. हे काम कंटाळवाणे आहे, पण निरर्थक नाही. गाव नागर ठरले की त्याचा कर, त्याचे बांधकामाचे नियम, त्याच्या विहिरीवरील हक्काचा व्यवहार व त्याचा प्रतिनिधी बदलतो. विरारहून येणाऱ्या रस्त्याच्या टोकाशी, वलांड्यांवर बोंबील वाळत असलेल्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, पुढचा प्रगणक जी चार-दोन चिन्हे करील, त्यांवर हा निर्णय कधीतरी घेतला जाईल. ती चिन्हे कोणत्या व्याख्येने केली गेली, हे त्या वेळी कोणास तरी सांगता आले पाहिजे.