वेताळाच्या वहाणा आणि न्यू टाउनची रात्र

नरकचतुर्दशीला आपण पहाटे अंधारात उठून उटणं लावतो. त्याच तिथीची संध्याकाळ म्हणजे बंगाल्यांची ‘भूत चतुर्दशी’. सकाळी बाजारात चौदा पाल्यांची जुडी मिळते. त्यात सुरणाचा पाला असतो, कडुनिंब, मोहरी, चाकवत, हिंचे असं काय काय असतं. दुपारी ती भाजी भाताबरोबर खायची आणि तिन्हीसांजेला घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात चौदा पणत्या लावायच्या. त्या चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी असतात आणि त्यांच्या मागोमाग जे बिनबोलावलेले येतील त्यांना दारातूनच वाटेला लावण्यासाठीही. मी कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहायला आले त्या वर्षी शेजारच्या बौदींनी, म्हणजे वहिनींनी, ही जुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “आज रात्री कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नका हं.”

न्यू टाउन हे भुतांना अगदी न शोभणारं गाव. त्याचे विभागही ‘अ‍ॅक्शन एरिया’ एक, दोन, तीन. राजारहाटची भातशेतं, गावं आणि मासे पाळायच्या भेड्या होत्या, त्या जमिनीवर गेल्या पंचवीसएक वर्षांत हे शहर आखून उभं राहिलं. ४८० एकरांचा इको पार्क २०१२ च्या डिसेंबरात उघडला. त्यात तळं आहे, बेट आहे आणि जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृतीही आहेत. रस्ते रुंद, दिवे पांढरेशुभ्र आणि दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारं विमान. पण दूर दक्षिणेला पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन अजून आहे. साडेबारा हजार हेक्टरांच्या या पट्ट्याला २००२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. असल्या दलदलीवर रात्री तरंगणाऱ्या उजेडाला बंगालीत ‘आलेया’ म्हणतात. तो कोळ्यांना वाट चुकवतो. आपल्याकडच्या चकव्याचाच हा पाणथळीतला भाऊ.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या पोरांनी ठरवलं की यंदा भूत चतुर्दशीला उघड्यावर नाटक करायचं. खुर्च्या नाहीत, रंगमंच नाही. प्रेक्षकांनी चालायचं आणि नाटक त्यांच्या आजूबाजूला घडायचं. विषय? ड्रॅक्युला. काळा झगा आणि प्लॅस्टिकचे सुळे ऑनलाइन मागवूनही झाले होते. मी बैठकीत नाक मुरडलं आणि शिक्षा म्हणून संहितेचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

नाक मुरडण्यामागे कारण होतं. व्हॅम्पायर हे युरोपातल्या एका विशिष्ट मातीचं भूत. सर्बियाच्या खेड्यात मेलेली माणसं परत येऊन रक्त पितात या ओरडीची ऑस्ट्रियन लष्कराच्या डॉक्टरांनी थडगी उकरून चौकशी केली, त्याचा अहवाल १७३२ साली युरोपभर गाजला आणि त्याच सुमारास हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत शिरला. पुढे लेखक पॉलिडोरीने १८१९ साली आपल्या कथेत या खेडवळ, फुगलेल्या प्रेताला उमराव केलं. पुढच्याच वर्षी तो उमराव लंडनच्या रंगभूमीवर आलाही. १८२० च्या त्या नाटकात भूत एकाएकी गायब व्हावं म्हणून जमिनीत झडपेचा सापळा बसवला होता. त्या जातीच्या सापळ्याला नाटकवाले अजून ‘व्हॅम्पायर ट्रॅप’ म्हणतात. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर तर पेशाने नाट्यगृहाचा व्यवस्थापकच. पुस्तक बाहेर पडायच्या आठवडाभर आधी, १८ मे १८९७ ला, त्याने आपल्या लायसियम नाट्यगृहात त्याचं जाहीर वाचन करवून घेतलं. हेतू एवढाच की नाटकाचे हक्क हातचे जाऊ नयेत. आणि ती प्रसिद्ध उभी कॉलर? ती १९२४ नंतरच्या नाटकांतली. नटाने पाठ फिरवली की डोकं झाकलं जावं आणि झग्यातून त्याला खाली सटकता यावं. पोरांनी मागवलेला झगा म्हणजे बंद नाट्यगृहातल्या एका युक्तीचं उरलेलं टरफल होतं. उघड्या मैदानात तो नुसता घामाचा धनी.

वटवाघळांचंही तसंच. रक्तावर जगणाऱ्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. आपल्याकडे ज्याला इंग्रजीत ‘खोटं व्हॅम्पायर’ म्हणतात ते बिचारं किडे, बेडूक, उंदीर धरून खातं.

मग आपलं काय? आपल्या भुतांची यादी लांबलचक आहे. हडळ, जखीण, मुंजा, समंध, गिऱ्हा, खवीस, देवचार. पण त्यांना प्रामुख्याने रक्ताची तहान नाही. त्यांना दहीभात लागतो, नारळ लागतो, लिंबू, अंडं, फार तर कोंबडी. बंगालचं ‘मेछो भूत’ तर बाजारातून येणाऱ्याच्या पिशवीतला मासा मागतं. आमची भुतं स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळणारी. मराठीत खरा रक्तपिपासू बाहेरूनच आणावा लागला. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या कादंबरीवरून ‘लुचाई’ लिहिली तेव्हा तो मराठी गावात मुक्कामाला आला.

तरीही इंग्रजी वाचकाला वाटतं की भारतात व्हॅम्पायर होता. हा घोळ रिचर्ड बर्टनचा. त्याने १८७० साली वेताळपंचविशीतल्या निवडक गोष्टी इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाचं नाव ठेवलं ‘विक्रम आणि व्हॅम्पायर’. गंमत म्हणजे हा गृहस्थ मुंबई फौजेत होता आणि आजारपणाच्या रजेत गोव्यातून गेला होता. त्या गोव्यात प्रियोळ, आमोणे, लोलये, पैंगीण अशा गावोगावी वेताळ देव म्हणून उभा आहे. स्टोकर पुढे बर्टनला भेटला आणि बोलताना त्याचा ओठ वर जाऊन सुळा चमकायचा, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलं. वेताळाला व्हॅम्पायर म्हणणाऱ्याचाच सुळा लोकांच्या लक्षात राहिला, हा मला न्याय वाटतो.

वेताळाच्या या गोष्टींचा कोलकात्याशी जवळचा संबंध आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. साहेबांना देशी भाषा शिकवायला फोर्ट विल्यम कॉलेजने क्रमिक पुस्तकं करवून घेतली, त्यांत हिंदुस्तानीतली ‘बैताल पचीसी’ होती. तिच्यावरून १८४७ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ‘बेताल पंचविंशति’ लिहिली आणि बंगाली गद्य त्या पुस्तकाच्या आधाराने चालायला शिकलं. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी वेताळपंचविशी त्याच्याही आधी आणली होती. म्हणजे दोन्ही भाषांच्या छापील गद्याच्या बालपणी खांद्यावर एकच प्रेत होतं. आणि ते चावत नव्हतं. ते प्रश्न विचारत होतं. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. भीतीची इतकी बुद्धिमान अट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात कुठेही नाही.

माझं आजोळ शिरोड्याचं, त्यामुळे शेजारच्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, मला लहानपणापासून ठाऊक. उंचापुरा, मिशीवाला देव. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा. कारण तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. आजी आम्हाला तळवे दाखवायची, “बघ, झिजल्यात मा?” दिसायच्या खऱ्या. अमावास्येच्या रात्री त्याची स्वारी निघते, मागे भुतांचा लवाजमा, हातात मशाली. वाटेत सापडलात तर बाजूला व्हायचं, एवढंच. तो तुमच्यासाठी आलेला नसतो.

स्वारी, वाट, मशाली, बाजूला होणारी माणसं. बैठकीत हे सांगताना माझं मलाच जाणवलं की हे नाटकच आहे. प्रेक्षकाला आत ओढणारं रंगकर्म आजकाल लंडन-न्यूयॉर्कहून आलेलं समजतात. तिकडच्या मंडळींनी प्रेक्षकांना मुखवटे घालून पाच-पाच मजले हिंडवलं, हे खरं. पण रामनगरची रामलीला एकोणिसाव्या शतकापासून महिनाभर गावभर फिरते आणि प्रेक्षक तिच्यामागे मैलोन्‌मैल चालतात. आमच्या कोकणात जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतार उभा राहतो. ना लिहिलेली संहिता, ना पडदा. नट आपली ट्रंक घेऊन येतो, तोंड स्वतः रंगवतो, संवाद आयत्या वेळी रचतो. काळ्या कपड्यांतला संकासुर मालवणीत समोरच्यालाच टोचून बोलतो. मुलं आईच्या पदरात शिरतात, पण उठून जात नाहीत.

कोलकात्याकडेही याचं स्वतःचं उत्तर होतं. बादल सरकार पेशाने नगररचनाकार, म्हणजे न्यू टाउनसारखी गावं कागदावर आखणाऱ्यांतले. त्यांनी सत्तरच्या दशकात रंगमंच, पडदा, तिकीट सोडलं आणि अंगणात, बागेत नाटक नेलं. नट आणि प्रेक्षक एकाच जमिनीवर, एकाच उजेडात. त्यांच्या विनोदी भूतनाटकाला मराठी प्रेक्षक ‘वल्लभपूरची दंतकथा’ म्हणून ओळखतात. कर्जबाजारी राजा, विकायला काढलेला वाडा आणि रात्री फिरणारं पूर्वजाचं भूत. मला मात्र त्यांच्याकडून भूत नको होतं, जमीन हवी होती.

शेवटी ड्रॅक्युला गेला. उरली ‘निशी’. निशी म्हणजे रात्री नावाने हाक मारणारं. आवाज ओळखीचा असतो, पण ते दोनच वेळा हाक मारतं. म्हणून बंगाली आई सांगते, तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नकोस.

काम सुरू झालं तेव्हा कळलं की न्यू टाउनमध्ये सगळ्यात महाग वस्तू अंधार आहे. वाटेवरचे अकरा दिवे बंद करायला सोसायटीकडे अर्ज केला. सुरक्षेच्या नावाखाली चार मिळाले. बाकीच्यांवर आम्ही लाल जिलेटिनचा कागद चढवला, कारण लाल उजेडात डोळ्याची अंधारातली नजर मोडत नाही. ती नजर पूर्ण यायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून पंधरा-पंधराच्या गटाला आधी पार्किंगच्या कोपऱ्यात नुसतं बसवलं. मोबाइल पिशवीत, बोलणं बंद. पहिली पाच मिनिटं हसू, मग खोकले, मग शांतता. निम्मी भीती तिथेच तयार झाली, एक पैसा खर्च न करता.

नियम साधे होते. कुणीही कुणाला हात लावायचा नाही. दहा वर्षांखालच्यांचा खेळ उजेडात, वेगळा. गटाच्या शेवटी विजेरी घेतलेला एक ओळखीचा माणूस, ज्याला कुणीही ‘पुरे’ म्हटलं की तो त्यांना बाहेर नेईल. पावसाळा नुकताच सरल्यामुळे प्रत्येक खेळाआधी दोघं गमबूट घालून काठ्या आपटत वाट झोडपून यायचे. डासांसाठी मलमाची डबी दारातच. सांडपाण्याच्या टाकीजवळचा दर्प टाळता येईना, तेव्हा तिथेच गिऱ्ह्याचा प्रवेश ठेवला. प्रेक्षकांनी तो खास परिणाम समजून दाद दिली.

खरी करामत नावनोंदणीच्या कागदात होती. बंगाली माणसाला दोन नावं असतात. एक ‘भालो नाम’, शाळा-कचेरीतलं. दुसरं ‘डाक नाम’, घरात हाक मारायचं. बुबाई, टुकटुकी, खोका. कागदावर आम्ही दोन्ही विचारली होती आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गट तळ्याकाठी पोचला की पाण्याच्या पलीकडून एका बाईचा आवाज यायचा. घाईतला, स्वयंपाक करता करता मारावा तसा. “बुबाई.” मग थांबून, अगदी तेवढ्याच स्वरात, पुन्हा. बुबाई म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले पासष्टीचे गृहस्थ. ते दोन पावलं पुढे गेले होते. बायकोने मनगट धरलं. तिसरी हाक आलीच नाही. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, दिव्याचा पट्टा पाण्यावरून सरकला आणि पलीकडे कुणीच दिसलं नाही. आम्ही विमानाची वेळ ठरवली नव्हती.

वेतोबा मी शेवटच्या वळणावर ठेवला होता. मूर्ती नाही, नट नाही, नुसत्या हातभर लांबीच्या चामड्याच्या वहाणा, एका पणतीशेजारी. शिरोड्याहून मामाने पाठवलेल्या. इथल्या कुणाला त्यांचा अर्थ कळणार नाही हे माहीत होतं, पण भुतांच्या वाटेवर राखणदार असावा असं मला वाटलं.

सकाळी आवरायला गेले तर वहाणा जागेवर नव्हत्या. रात्रपाळीच्या दारवान काकांनी त्या उचलून फाटकाच्या चौकीत, स्वतःच्या खुर्चीखाली ठेवल्या होत्या, पुढची टोकं रस्त्याकडे करून. कुणाच्या, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या गावच्या देवाच्या, तो रात्रभर फिरून राखण करतो. काका मेदिनीपूरचे. त्यांनी रजिस्टर मिटलं, वहाणांकडे पाहिलं आणि विचारलं, “त्याला महिन्याला सुट्ट्या किती?”