आकाशांतील सोबत



आपल्याला ज्या गोष्टीची गोडी लागली ती आपल्या जिवलग माणसाला एकदां तरी चाखवावी, ही मनुष्यस्वभावांतील फार जुनी हौस आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याला वाटतें, धाकट्या भावानें एकदां डोहांत उतरून पाहावें. गड चढणाऱ्याला वाटतें, माथ्यावरचा पहाटेचा वारा घरच्या मंडळींनीं एकदां अंगावर घ्यावा. विमानांतून उडी टाकून हवाई छत्रीनें खालीं येण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांनाहि नेमकें असेंच वाटतें. कोणाची आई, कोणाची पत्नी, कोणाचा बाळमित्र पहिल्या उडीला तयार होतो आणि त्या अनुभवी गड्याची एकच इच्छा असते कीं, त्या वेळीं आपण शेजारीं असावें. परंतु डोहाच्या कांठीं हात धरतां येतो, गडाच्या वाटेवर दम खावयास थांबतां येतें. तेरा हजार फुटांवरून सुटल्यावर यांतलें कांहींच साधत नाहीं. तेव्हां अशा ठिकाणीं सोबत करावयाची ती कशी, आणि ती करण्याचा अधिकार कोणाला, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम ही उडी म्हणजे काय तें पाहूं. नवशिक्याला एकट्यानें उडी घ्यावयाची तर आधीं कित्येक तासांचें शिक्षण घ्यावें लागतें. त्याला पर्याय म्हणून जी युक्ति निघाली तिला 'टँडेम' असें नांव पडलें. दोघांनीं चालवावयाच्या सायकलीसाठीं जो शब्द रूढ आहे तोच हा. आपण तिला जोडउडी म्हणूं. या उडींत नवख्याच्या अंगावर भक्कम पट्ट्यांचा साज चढवितात आणि खांद्यांपाशीं दोन व कमरेपाशीं दोन अशा चार ठिकाणीं तो शिक्षकाच्या साजाला अडकवितात. नवख्याची पाठ शिक्षकाच्या छातीला लागलेली असते. मुख्य छत्री आणि ती दगा देईल तर उघडावयाची राखीव छत्री, या दोन्ही शिक्षकाच्या पाठीवर असतात. दोघांचें वजन पेलावयाचें म्हणून मुख्य छत्रीचें क्षेत्रफळ साडेतीनशें-चारशें चौरस फुटांच्या आसपास ठेवलेलें असतें.

एका छत्रीखालीं दोघांनीं उतरण्याची गोष्ट या युक्तीहून बरीच जुनी आहे. १९०८ सालीं इंग्लंडांत लाँगटन येथें डॉली शेफर्ड ही तरुणी व तिची सहकारी लुई मे या दोघी एकाच फुग्याला लोंबकळत वर गेल्या. प्रत्येकीची छत्री निराळी होती. वर गेल्यावर लुईची छत्री फुग्यापासून सुटेना आणि फुगा तर चढतच चालला. तेव्हां डॉलीनें अधांतरींच तिला आपल्याकडे घेतलें, हातापायांनीं घट्ट मिठी मारावयास सांगितलें आणि एकीच्या छत्रीनें दोघी खालीं आल्या. लुई बचावली, डॉलीच्या पाठीला मात्र असा मार बसला कीं पुढें कित्येक आठवडे तिला चालतां आलें नाहीं. एकासाठीं केलेल्या छत्रीला दोघांचा भार किती जड जातो, याचें हें प्रत्यक्ष प्रमाण होय. डॉली दीर्घायुषी झाली व १९८३ सालीं वारली. त्याच सुमारास अमेरिकेंत फ्लॉरिडामध्यें टेड स्ट्राँग आणि बिल बूथ हे छत्र्या बनविणारे दोन कसबी गृहस्थ दोघांसाठीं मुद्दाम घडविलेल्या छत्रीचे प्रयोग करीत होते. तेथील सरकारच्या विमान खात्यानें १९८४ सालीं या प्रयोगांना खास सवलत दिली आणि २००१ सालीं जोडउडीला नेहमींच्या नियमांत स्थान मिळालें.

आतां सोबतीच्या प्रश्नाकडे वळूं. येथें थोडें पदार्थविज्ञान सांगणें भाग आहे. पडणाऱ्या माणसाचा वेग सारखा वाढतच जातो, अशी पुष्कळांची समजूत असते. तो वाढतो खरा, पण त्याबरोबर हवेचा विरोधहि वाढतो आणि दहाबारा सेकंदांत वजन व विरोध यांची बरोबरी होते. तेथून पुढें वेग जवळजवळ कायम राहतो. पोट जमिनीकडे करून हातपाय पसरलेल्या एकट्या माणसाचा हा वेग ताशीं सुमारें १२० मैल, म्हणजे सेकंदास सुमारें १७५ फूट भरतो. दोन माणसें एकत्र बांधलीं कीं वजन दुप्पट होतें, परंतु वाऱ्याला अडविणारें क्षेत्र फारसें वाढत नाहीं, कारण एक माणूस दुसऱ्याच्या आड झांकला जातो. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ही जोडी ताशीं १७० मैलांच्या घरांत जाते. इतक्या वेगांत मोठी छत्री उघडली तर छत्रीला आणि माणसांना बसणारा हिसका सोसवणार नाहीं. शिवाय ज्याला शेजारीं राहावयाचें तो ताशीं ५० मैलांनीं मागें पडेल, तो वेगळाच.

यावर तोड म्हणून विमान सोडल्यानंतर कांहीं सेकंदांतच शिक्षक एक लहानशी छत्री वाऱ्यावर सोडतो. तिला 'ड्रोग' म्हणतात. ती दोरीच्या टोंकाला जोडीच्या वर ताणून राहते आणि गाडीच्या ब्रेकप्रमाणें वेग पुन्हां १२० मैलांच्या आसपास आणून ठेवते. पुढें मोठी छत्री उघडावयाच्या वेळीं हीच तिला पाठीवरील पिशवींतून ओढून काढते. जोडीचा वेग आणि एकट्या माणसाचा वेग यांचा मेळ या चिमुकल्या छत्रीनें घातला नसता तर आकाशांतील सोबत ही केवळ कल्पनाच राहिली असती.

दोघांचा वेग सारखा झाला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट घडते. जमिनीच्या दृष्टीनें सर्वच जण भयंकर वेगानें खालीं येत असतात. परंतु एकमेकांच्या दृष्टीनें ते जवळजवळ स्थिर असतात. समांतर रुळांवरून सारख्या वेगानें धांवणाऱ्या दोन गाड्यांतील उतारू एकमेकांकडे पाहून हंसतात, तसेंच हें. सोबती जोडीच्या समोर, त्याच पातळीवर येऊन तरंगतो. शरीराची कमान थोडी वाढविली कीं तो खालीं जातो, अंग सैल पसरलें कीं वर राहतो, पाय ताणले कीं पुढें सरकतो. अंगानें हलका असेल तर कमरेला शिशाचें वजन बांधतो. हें सर्व कशासाठीं, तर पाऊण मिनिटासाठीं! तेरा हजार फुटांवरून निघाल्यास साडेपांच हजार फुटांच्या सुमारास जोडीची छत्री उघडते. मध्यें जो काल सांपडतो तो एवढाच. परंतु त्या काळांत आईला आपल्या मुलाचा चेहरा समोर दिसतो, आणि ज्या वेडापायीं तो दर रविवारीं घराबाहेर असतो तें वेड काय आहे, हें तिला प्रथमच कळतें. असल्या पाऊण मिनिटाची किंमत घड्याळावर करावयाची नसते.

मात्र हें सुख जितकें मोठें तितकीच त्याची शिस्त कडक आहे. सोबत्यानें जोडीच्या वर कधींहि जाऊं नये. तेथें ड्रोगची दोरी ताणलेली असते. आणि मोठी छत्री अकस्मात् उघडली तर वरचा माणूस सरळ तिच्यावर येऊन आदळेल. जोडीच्या खालींहि जाऊं नये. कारण त्याची स्वतःची छत्री चुकून उघडली तर तो एकदम थांबेल आणि वरून दोन देह त्याच्यावर कोसळतील. तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. वाहत्या पाण्यांत खांब रोवला असतां त्याच्या मागें जसा खळबळलेला पोकळ भाग तयार होतो, तसाच तो पडणाऱ्या जोडीच्या वर हवेंत तयार होतो. त्यांत जो शिरला त्याच्याखालचा हवेचा आधारच निघून जातो आणि तो जोडीच्या पाठीवर पडतो. प्रेमानें हात हातांत घ्यावा असें वाटणें साहजिक आहे. पण वेगानें येऊन धरलेला हात जोडीला गरकन फिरवूं शकतो. म्हणून समोरून, संथपणें आणि शिक्षकाशीं आधीं ठरलें असेल तरच जवळ यावयाचें. आणि शिक्षकानें छत्री उघडण्याची खूण करतांच पाठ फिरवून दूर निघून जावयाचें, असा दंडक आहे.

या शिस्तीमुळेंच सोबत करण्याचा अधिकार केवळ नात्यानें मिळत नाहीं. अमेरिकेंतील पॅराशूट संघाच्या परवान्यांच्या चार पायऱ्या आहेत आणि त्यांसाठीं अनुक्रमें २५, ५०, २०० व ५०० उड्या लागतात. जोडउडीच्या शिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव, ५०० उड्या, सर्वांत वरचा परवाना आणि शिवाय या कामाचें स्वतंत्र शिक्षण लागतें. शिरस्त्राणावर कॅमेरा बांधावयाचा तर निदान २०० उड्यांचा परवाना असावा, अशी त्या संघाची शिफारस आहे. कारण ज्याचें अर्धें लक्ष चित्र टिपण्याकडे आहे त्याला उंचीचें भान राहतेंच असें नाहीं. सोबत्याला किती अनुभव हवा हें ज्या त्या मैदानाचे प्रमुख ठरवितात आणि त्या दिवशीं त्याला बरोबर घ्यावयाचें कीं नाहीं हें शिक्षक ठरवितो. केवळ उड्यांची संख्याहि पुरेशी नाहीं. शेंकडों उड्या एकट्यानें घेतलेल्या माणसाला दुसऱ्याच्या शेजारीं स्थिर राहतां येईलच, असें नव्हे. ती कला निराळी आहे.

येथें या विषयाचें खरें मर्म आहे असें मला वाटतें. ज्याच्याशीं नवख्याचें कांहीं नातें नाहीं, ज्याचें नांवहि त्याला सकाळींच कळलें, त्या शिक्षकाच्या स्वाधीन त्याचा जीव असतो. आणि ज्याचा त्याच्यावर जीव आहे त्या सोबत्याच्या हातीं मात्र कांहींच नसतें. कांहीं बिघडलें तर तो सोडवूं शकत नाहीं, धरूं शकत नाहीं; उलट धरावयास गेला तर बिघाड वाढवील. त्यानें करावयाचें तें एकच : आपल्या जागीं राहणें आणि वेळ होतांच बाजूला होणें. आपल्या प्रेमाला असें अंतरावर ठेवणें अनुभवी माणसालाहि सोपें जात नाहीं.

जमिनीवरहि हाच संयम लागतो. उडी घेण्याची इच्छा नवख्याची स्वतःची असावी, सोबत्याच्या आग्रहाची नसावी. शिक्षक सूचना देत असतां "मी सांगतों तसें कर" असें मध्येंच बोलणें म्हणजे एका माणसाला दोन सारथि देणें होय. आणि विमानाच्या दारांत येऊन नवख्यानें "नको" म्हटलें, तर त्याला विमानांतूनच परत खालीं येतां येतें. त्यांत लाज कांहीं नाहीं. जिवलग माणसाच्या तोंडाकडे पाहून ज्याला "नको" म्हणतां येत नाहीं, तो खऱ्या अर्थानें स्वेच्छेनें उडी घेत नाहीं, हें सोबत्यानें ओळखावें.

आपल्याकडेहि हा विषय आतां परका राहिलेला नाहीं. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर हवाई छत्रीनें उडी घेतली आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीं 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या हिंदी चित्रपटांत तीन मित्र स्पेनमध्यें विमानांतून उडी घेतांना लोकांनीं पाहिले. परदेशीं गेलेल्या मुलामुलींचीं अशीं छायाचित्रें आतां अनेक घरांत येतात. त्यामुळें त्या चित्रांत कोण कोठें असतें आणि कां, हें ठाऊक असलेलें बरें.

जोडउडीचा लाभ केवळ तरुणांनाच होतो असेंहि नाहीं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश १९४४ सालीं दुसऱ्या महायुद्धांत वैमानिक होते. चिचिजिमा बेटाजवळ त्यांच्या विमानाला तोफेचा मार बसला. त्यांनीं छत्रीनें उडी घेतली आणि ते वांचले, परंतु विमानांतील त्यांचे दोघे साथीदार वांचले नाहींत. ज्या छत्रीनें तो दिवस दाखविला तिच्याकडे ते म्हातारपणीं पुन्हां वळले. २०१४ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वाढदिवशीं, पाय चालेनासे झाले असतां, त्यांनीं जोडउडी घेतली आणि खालीं घरची मंडळी त्यांची वाट पाहत उभी होती. स्वतःच्या पायांनीं चार पावलें टाकणें ज्याला कठीण, त्यालाहि ही उडी घेतां आली ती पाठीशीं असलेल्या दुसऱ्या माणसाच्या बळावर.

शेवटीं छत्री उघडल्यावर काय होतें तें सांगून हें भाषण पुरें करतों. जोडीची छत्री उघडतांच तिचा वेग एकाएकीं कमी होतो, आणि अजून पडत असलेल्या सोबत्याला वाटतें कीं आपलें माणूस कोणीं तरी वर खेंचून नेलें. वस्तुतः तें तेथेंच असतें. दूर जात असतो तो आपणच. मग तो आणखी खालीं येऊन आपली छत्री उघडतो. ती लहान व चपळ असल्यामुळें तो आधीं जमिनीवर पोंचतो. जोडीला उतरण्यास अजून कांहीं मिनिटें असतात. या वेळांत त्यानें आपली छत्री गुंडाळून उतरण्याची जागा मोकळी ठेवावी आणि कडेला उभें राहून वर पाहावें. वरची सोबत संपली तरी सोबत्याचें काम संपत नाहीं. ज्याच्यासाठीं हा सर्व खटाटोप केला त्याचे पाय जमिनीला लागले आणि शिक्षकानें चारहि बंध सोडले, म्हणजेच त्यानें पुढें होऊन त्याला जवळ घ्यावें.