कापूस वेचणाऱ्या हातांनी रंगवलेला समाज : क्लेमेंटाइन हंटर

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन. त्यामुळे मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावे आपल्या चळवळीतील तरुणांना परकी नाहीत. पण ज्या समाजातून हे नेते आले, तो समाज सकाळी उठून काय करत होता, कुठे राबत होता, कसा हसत-भांडत होता, आपली माणसे कशी पुरत होता? याची नोंद कुणी केली? पुस्तकांत ती शोधावी लागते. दक्षिण अमेरिकी संस्थानांतील एका शेतमजूर बाईने मात्र ती रंगांत करून ठेवली आहे. त्या क्लेमेंटाइन हंटर. आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

मळ्यातून स्वयंपाकघरात

हंटर यांचा जन्म १८८६ च्या अखेरीस किंवा १८८७ च्या सुरुवातीस लुइझियानात, केन नदीच्या खोऱ्यातील एका कापसाच्या मळ्यावर झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा वीसेक वर्षे झाली होती. त्यांचे आजी-आजोबा गुलामीत जगले होते. शाळेत त्या फार थोडे दिवस गेल्या. लिहिणे-वाचणे त्यांना आयुष्यभर आले नाही. घरात क्रिओल फ्रेंच बोलली जाई, इंग्रजी त्या पुढे नवऱ्याकडून शिकल्या.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्या नॅकिटिश गावाजवळच्या मेलरोझ मळ्यावर आल्या. या मळ्याचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. तो मूळचा मेटॉयर या मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबाचा. या कुटुंबाची मूळ आई स्वतः गुलामीतून सुटलेली होती, आणि याच कुटुंबाने पुढे गुलाम बाळगले. हंटर तिथे आल्या तोवर मळा गोऱ्या मालकांकडे गेला होता.

अनेक वर्षे त्यांनी कापूस वेचला. एका बाळंतपणाच्या दिवशी सकाळी त्यांनी ७८ पौंड, म्हणजे सुमारे ३५ किलो कापूस वेचला होता, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना मालकिणीच्या घरात स्वयंपाक आणि घरकामाला घेतले गेले. मालकीण कॅमी हेन्री यांनी मेलरोझवर लेखक-चित्रकारांना राहण्याची सोय केली होती. पाहुणे रंगवत, लिहीत. हंटर त्यांचे जेवण रांधत, कपडे धूत.

टाकून दिलेले रंग

१९३९-४० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या चित्रकार अल्बर्टा किन्सी यांनी मागे सोडलेल्या रंगांच्या नळ्या हंटर यांच्या हाती लागल्या. खिडकीच्या एका जुन्या पडद्यावर त्यांनी पहिले चित्र काढले असे मानतात. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. मळ्यावर राहणारे फ्रान्स्वा मिन्यॉन यांनी त्यांना साहित्य मिळवून दिले आणि प्रोत्साहन दिले.

पण वेळ कुणी दिला नाही. दिवसभर मालकिणीचे काम, घरी आजारी नवरा आणि संसार. चित्रे रात्री, दिव्याच्या उजेडात. पुठ्ठ्याचे खोके, लाकडाची फळी, बाटली, वाळलेला भोपळा, जे मिळेल त्यावर त्या रंगवत. सुरुवातीला एक चित्र डॉलरभरात, कधी त्याहूनही कमी पैशांत विकले जाई. खोपटाबाहेर पाटी लावलेली असे : चित्रे बघायला २५ सेंट. आयुष्यभरात त्यांनी हजारो चित्रे काढली.

चित्रे कशी पाहावीत?

त्यांच्या चित्रांत दूरचे लहान आणि जवळचे मोठे असा नियम नाही. कापसाच्या ओळी, रस्ता, नदी, घरे एकावर एक पट्ट्यांसारखी रचलेली असतात. माणसाचा आकार त्याच्या महत्त्वावरून ठरतो, आणि बहुतेक वेळा बायका पुरुषांहून मोठ्या दिसतात. लांबलचक पिशव्या ओढत कापूस वेचणाऱ्या बायका, काठ्यांनी झाडावरून पाडलेले पेकन गोळा करणारी माणसे, चुलीवरच्या मोठ्या कढईत कपडे उकळण्याचा दिवस, नदीतला बाप्तिस्मा, लग्न, अंत्ययात्रा. शनिवारी रात्रीचे दारूचे अड्डे, तिथला नाच आणि मारामारीही त्यांनी झाकली नाही. त्यांनी क्रुसावरचा येशू काळा रंगवला. एखाद्या चित्रात भलीमोठी कोंबडी फुलांची गाडी ओढत निघालेली असते!

१९५५ मध्ये, ६८ व्या वर्षी, त्यांनी मेलरोझवरील ‘आफ्रिकन हाउस’ या जुन्या इमारतीसाठी प्लायवूडचे नऊ मोठे फलक रंगवले. केन नदीकाठचे सारे जीवन त्यांत आहे.

त्यांची सहीही पाहण्यासारखी आहे. सी आणि एच ही दोन अक्षरे, त्यातला सी पुढे उलटा झाला. मालकीण कॅमी हेन्री यांची आद्याक्षरेही तीच होती, म्हणून वेगळेपणासाठी हंटर यांनी सी उलटा केला, असे एक स्पष्टीकरण आहे. सही वर्षांनुसार बदलत गेली, आणि आज तिच्यावरून चित्राचा काळ ठरवायला मदत होते.

मागचे दार

१९५५ मध्येच नॅकिटिशच्या नॉर्थवेस्टर्न स्टेट कॉलेजात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून एक वर्ष झाले होते. तरीही गोऱ्या प्रेक्षकांबरोबर स्वतःची चित्रे पाहायला हंटर यांना परवानगी नव्हती. दालन बंद असताना त्यांना मागच्या दाराने गुपचूप आत नेण्यात आले. चित्र पुढच्या दाराने गेले, चित्रकार मागच्या दाराने. त्याच संस्थेने, आता विद्यापीठ झाल्यावर, १९८६ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १ जानेवारी १९८८ रोजी १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या चित्रांना इतकी किंमत आली की एका माणसाने वर्षानुवर्षे बनावट ‘हंटर’ विकले, आणि २०११ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

एक आक्षेप

या चित्रांवर एक आक्षेप घेतला जातो. त्यांत चाबूक नाही, मुकादम नाही, उपासमार नाही. त्यामुळे मळ्यावरचे जगणे सुखाचे होते असा समज होतो. आक्षेप आम्हाला बिनबुडाचा वाटत नाही. ही चित्रे विकत घेणारे बहुतेक गोरे होते, आणि त्यांना रमणीय मळा आवडत होता. पण त्याच चित्रांत गोरा मालक जवळजवळ कुठेच नाही, हेही पाहिले पाहिजे. ज्या जमिनीचा मालक तो, तिच्या चित्रात सगळी जागा राबणाऱ्यांची आहे. म्हणून ही चित्रे मागच्या दाराच्या हकिकतीसोबत वाचावीत. एकाशिवाय दुसरे अपुरे राहते.

‘लोककला’, ‘आदिम कला’ ही लेबलेही तपासावीत. शिकलेला चित्रकार आकार सपाट ठेवतो तेव्हा तिला शैली म्हणतात. मजूर बाईने तेच केले की भाबडेपणा म्हणतात. लेबल कोण लावतो, यावर चित्राची किंमत आणि भिंतीवरची जागा ठरते.

वस्तीत सर्वेक्षण करताना आमच्या अर्जात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. म्हाताऱ्या बायकांच्या नावापुढे आम्ही तिथे एकच शब्द लिहीत आलो : मजुरी. हंटर यांची चित्रे पाहिल्यानंतर तो रकाना फार लहान वाटू लागला. आता आम्ही विचारतो, काम कुठले, सोबत कोण असायचे, दुपारची भाकरी कुठे बसून खायचात, लेकरू कुठे निजवायचात? उत्तरे लांबतात. अर्जात मावत नाहीत, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतो.