पिढ्यांचा पट

मंडळाच्या वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात वक्तृत्व, निबंध व रांगोळी स्पर्धांच्या जोडीला गेली काही वर्षे एक पुठ्ठ्याचा पट मांडला जातो, हे सभासद बंधुभगिनींनी पाहिले असेलच. हा खेळ कसा तयार झाला, तो कसा खेळावा आणि घरच्या घरी कसा बनवावा, अशी विचारणा अनेकांनी केली. विशेषतः दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी. संपादक मंडळाच्या आग्रहावरून त्याची माहिती येथे देत आहोत.

आम्ही व्यवसायाने प्राथमिक शिक्षक. खेळाचे निमित्त घरातलेच. २०१७ साली आमच्या पुतण्याला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र काढावयाचे होते. त्या अर्जासोबत वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. धाकट्या बंधूंनी फोन केला, "दादा, आजोबांच्या वडिलांचं नाव काय?" आम्ही एक नाव सांगितले. आत्याबाईंनी दुसरे सांगितले. गावच्या चुलत्यांनी तिसरेच. घरात दोन शिक्षक, एक बँकेतील अधिकारी, आणि पणजोबांचे नाव एकालाही छातीठोकपणे सांगता येईना! शेवटी गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात १९३८ सालच्या पानावर आजोबांचे धाकटे भाऊ सापडले. आमचे आजचे आडनाव तेथे नव्हतेच. आडनावाच्या जागी जात लिहिलेली होती. वडिलांचे नाव मात्र स्वच्छ अक्षरात होते. आत्याबाई बरोबर होत्या.

प्रमाणपत्र मिळाले, प्रवेश वाचला. त्याच पावसाळ्यात आत्याबाई गेल्या. त्यांना आणखी काय काय ठाऊक होते, ते विचारावयाचे राहून गेले. ही रुखरुख मनात होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुठ्ठा आणि पट्टी घेऊन बसलो.

पहिला प्रयत्न सापशिडीचा केला. सापशिडी आपल्याकडचीच, जुन्या मोक्षपटांत शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. आमच्या पटात शिड्या म्हणजे सापडलेले दाखले आणि साप म्हणजे वाळवी, पूर, जळालेले दप्तर. मुलांना गंमत वाटली, पण खेळ फसला. कारण सगळे फाश्यावर. नातू शंभरावर पोहोचून जिंकलासुद्धा आणि आजी कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. तिला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हा दुसरा पट केला, तोच आज खेळला जातो. मधोमध एक वर्तुळ, त्यात 'मी'. त्याभोवती पहिल्या कड्यात २ घरे, आई-वडिलांची. दुसऱ्या कड्यात ४ घरे, दोन्हीकडच्या आजी-आजोबांची. तिसऱ्यात ८, पणजी-पणजोबांची; चौथ्यात १६, खापरपणजी-खापरपणजोबांची. एकूण ३१ घरे. डावा अर्धा भाग आईकडचा, उजवा वडिलांकडचा. या कड्यांच्या बाहेरून चौकोनी रस्ता काढावा व त्याची ४० घरे पाडावीत. सोंगट्या या रस्त्याने फिरतात. रस्त्यावरील घरे दोन प्रकारची, घटनेची आणि कागदाची. घटनेच्या घरावर सोंगटी आली की घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावयाचा. कागदाच्या घरावर आली की तो कागद घरात कोठे आहे, हे दाखवावयाचे. नाव केवळ तोंडी मिळाले तर ते पेन्सिलीने लिहावे. कागदावर सापडले तरच शाई. हा एक नियम पाळला तरी खेळ अर्धा समजला.

सुरुवातीला येथेही एक चूक झाली. दोघे सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध खेळावयास बसले, आणि लक्षात आले की दोघांची ३१ पैकी ३० घरे एकच आहेत! भांडणार कशावरून? म्हणून आता एका कुटुंबाचा एकच पट आणि दोन गट, आईची बाजू व वडिलांची बाजू. आई घरातच असली तरी तिच्या बाजूला बहुधा माणसे कमी पडतात. मग मामाला, मावशीला फोन लावला जातो. कित्येक घरांत या निमित्ताने वर्षानंतर फोन झाले आहेत.

घटनेची घरे निवडण्यामागे कारण आहे. आपल्या आजीला जन्मसाल विचारले तर ती सांगू शकत नाही. पण "मानमोडी आली तेव्हा माझी आय तान्ही होती" असे सहज सांगते. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. तेव्हा पटावर १८९६ चा मुंबईचा प्लेग आहे, मानमोडी आहे, १९२७ चा महाडचा सत्याग्रह आहे, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा आहे, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप आहे. प्रश्न एकच, "तेव्हा आपल्या घरात कोण होते व ते कोठे होते?" एका घरी आजी म्हणाल्या, कोयनेचा धक्का बसला तेव्हा थोरला पाळण्यात होता. थोरल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६४. म्हणजे भूकंपाच्या वेळी तो साडेतीन वर्षांचा व्हावयास हवा. साडेतीन वर्षांचा मुलगा पाळण्यात मावत नाही. अर्थ उघड आहे. शाळेत घालताना वय भरावे म्हणून गुरुजींनी १ जून ठोकून दिला. आपल्या पिढीत निम्मी मंडळी १ जूनला जन्मलेली आहेत, ती आम्हा शिक्षकांचीच करामत! पटावर 'एक जून' हे एक घर आहे. त्यावर आल्यास दोन घरे मागे जावे लागते.

कागदांविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण विद्यार्थ्यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. शाळेचे जनरल रजिस्टर हा सर्वांत भरवशाचा कागद. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली, म्हणून तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, हे आपण जाणतोच. आजोबा मालोजी सकपाळ आणि नातवाच्या नोंदीत आडनाव आंबेडकर, हेही ध्यानात घ्यावे. आडनाव बदलले म्हणजे माणूस वेगळा असे समजून शोध सोडू नये. त्यानंतर तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. जुनी माणसे तिला कोतवाल बुक म्हणतात. जमिनीचे फेरफार व वारसनोंदी पाहाव्यात. महार वतनाची जमीन ज्या घराण्यांकडे होती, त्यांची नावे वतनाच्या कागदांत येतात. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. ज्या वतनाने आपल्या माणसांना रात्रंदिवस राबविले, त्याच्याच दप्तरात त्यांची नावे शिल्लक आहेत, हे वाचताना मन विषण्ण होते. पण कागद आहे, तो घ्यावा. घरातील कोणी पलटणीत असेल तर पेन्शनचे कागद शोधावेत; महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली, तेव्हा अनेक घरांतून भरती झाली. मुंबईकरांनी चाळीच्या भाडेपावत्या, गिरणीचे वा रेल्वेचे नोकरीचे कागद ट्रंकेतून बाहेर काढावेत. फार जुने कागद मोडीत असतात. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात. आपल्यातील दोन-चार तरुणांनी तरी ते करावेत.

मात्र या सर्व कागदांत एक मोठी उणीव आहे, आणि ती खेळातूनच आमच्या ध्यानी आली. तिसऱ्या कड्यात वडिलांच्या बाजूची पुरुषांची घरे शाईने भरतात, बायकांची कोरी राहतात. जुन्या जन्मनोंदीत 'अमक्यास मुलगी झाली' एवढेच असते, मुलीचे नाव नाही. लग्नात पुष्कळदा तिचे नाव बदलले जाई, आडनाव बदलेच. वैधतेच्या कामी वडिलांकडचेच रक्तसंबंध लागतात, म्हणून शपथपत्रातही तिला जागा नसते. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई या मुरबाडकरांच्या, हे आपणास पाठ असते. स्वतःच्या आजीच्या आईचे माहेर कोणते, ते किती जणांना सांगता येईल? म्हणून आमच्या खेळात पुरुषाच्या नावाला एक गुण, बाईच्या नावाला दोन आणि तिचे माहेरचे नाव व गाव मिळाल्यास चार. हा नियम केल्यापासून आजी कोपऱ्यात बसत नाही. दोन्ही गट तिच्याचभोवती बसतात.

एक चमत्कारिक प्रसंग काही घरी येतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे जुनी. तसे लग्न झालेले असेल तर वडिलांच्या आईचे आई-वडील आणि आईच्या वडिलांचे आई-वडील ही एकच जोडी असते. मग तिसऱ्या कड्यातील आठ घरांत माणसे सहाच भरतात. मुले म्हणतात, गुरुजी, पट चुकला! पट बरोबर असतो. अशी दोन घरे लाल दोऱ्याने जोडावीत.

दुसरा प्रसंग गमतीचा नाही. एका घरी खेळ रंगात असताना नातीने आजीला तिच्या वडिलांचे नाव विचारले. आजी उठून मोरीत भांडी घासावयास गेल्या. आम्ही तेथेच खेळ थांबविला. कोणाची आई देवाला सोडलेली असते, कोणाचा पाट लागलेला असतो, कोणी पोटच्या लेकरासारखे वाढविलेले असते. हे चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार खेळाला नाही. तेव्हापासून नियम आहे. वडीलधाऱ्यांनी नुसता तळहात पटावर ठेवला की ते घर भरलेले धरावे, पूर्ण गुण द्यावेत व पुन्हा विचारू नये. हा हात त्या आजींनीच पुढच्या वेळी प्रथम ठेवला; आणि चहा झाल्यावर, कोणी न विचारता, आपल्या आईचे नाव सांगितले.

मंडळाच्या एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला रोखठोक विचारले, "जन्मावरून माणूस मोजू नये हे आपण शिकलो, मग हे कुळाचे खूळ कशासाठी?" प्रश्न योग्य आहे. आम्ही त्यांना मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्ताची आठवण दिली. ब्राह्मण वर्णाचे श्रेष्ठत्व सांगण्यास आलेल्या तरुण अस्सलायनाला तथागत असित देवलाची कथा सांगतात. सात ब्राह्मण ऋषींना असित देवल विचारतो, तुमच्या आईच्या आया, सात पिढ्यांपर्यंत, ब्राह्मणाशिवाय कोणाकडे गेल्या नाहीत हे तुम्हांस ठाऊक आहे काय? ते नाही म्हणतात. वडिलांच्या बाजूचेही ठाऊक नाही, हेही कबूल करतात. आमचा पट तोच हिशेब मुलांच्या हाताने करवून घेतो. दहा पिढ्या मागे गेले की त्या एका पिढीतच १,०२४ घरे होतात. पिढी २५ वर्षांची धरली तर हा काळ पेशवाईचा. आपले आडनाव त्या १,०२४ पैकी फार तर एकाचे. उरलेल्या १,०२३ जणांचे काय? आठवीतल्या मुलीने फळ्यावर हे गणित सोडविल्यावर आमचे उपासक हसले आणि स्वतःचा पट मागून घेऊन गेले. त्यांच्या पत्नी सांगतात की ते आता रोज रात्री सासुरवाडीला फोन करतात!

पट बनविण्यास दोन फूट चौरस जाड पुठ्ठा, कंपास, स्केचपेन, दोन फासे व शर्टाच्या गुंड्या सोंगट्या म्हणून पुरतात. खर्च शंभर रुपयांच्या आत. आमच्या स्वतःच्या पटावर आजमितीस ११ घरे शाईची, ७ पेन्सिलीची आणि १३ कोरी आहेत. आत्याबाईंच्या आजीचे माहेर त्या कोऱ्यांत आहे. पट टिकावा म्हणून काही जण त्याला लॅमिनेशन करून घेतात. ते करू नये. प्लॅस्टिकवर पेन्सिल उमटत नाही.